आंब्याचे मोजे

शिरोड्याला मोज्यांचे काय काम, असा प्रश्न आपल्याला पडेल. मलाही पडला होता. पाय वाळूत, नाही तर सारवलेल्या अंगणात. तिथे चपलासुद्धा पाहुण्याच. पण गेल्या मार्गशीर्षात माझी नात पुण्याहून माझ्याबरोबर आली ती थोरल्या आजीसाठी मोज्यांचे दोन जोड घेऊन. एकावर पिवळी केळी. दुसऱ्यावर अॅव्होकाडो नावाचे परदेशी फळ, उभे चिरलेले, मधोमध बाठा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. “ह्यो खयचो आंबो?”

हसून झाले आणि पाने मांडली. खरी पंचाईत तिथे होती. नात ‘व्हेगन’ झाली आहे. मासे-मटण नाहीच; दूध, दही, तूप, मध तेही नाही. (लोकरीचे मोजे मी विणून देते म्हटले, तर म्हणाली, “आजी, सुताचे वीण.”) हा शब्द इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी १९४४ साली घडवला. आमच्या चुलीपर्यंत यायला त्याला एवढी वर्षे लागली.

जाऊबाईंनी सकाळीच सुरमई आणवली होती. माया दाखवायची त्यांची रीत एकच : सर्वांत मोठी तुकडी पाहुण्याच्या पानात. नातीने हात जोडले तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माशे नको तर नको. दूद पण नको? दुदान कोणाचा काय बिघाडला?”

“वासराचं, आजी.”

जाऊबाईंनी जन्मभर गोठा सांभाळलेला. त्यांना ते लागले.

गंमत अशी, की तिला चालणारे पदार्थ आमच्याकडे हवे तितके. सोलकढी, घावणे, फणसाची भाजी, हंगामात ओल्या काजूची उसळ, हळदीच्या पानातले पातोळे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. तांदूळ, गूळ आणि नारळ एकत्र आले की गाईला कोणी विचारीत नाही. पण जाऊबाईंच्या लेखी तो सोमवारचा स्वयंपाक, पाहुणचार नव्हे.

तिसऱ्या दिवशी मुगागाठी झाली. नातीने दोनदा मागून घेतली. मी आत गेले तो जाऊबाई तुपाच्या बरणीचे झाकण लावीत होत्या. “चेडू कसा सुकलाहा बघ. एकच चमचो. नारळाच्या रसात कोणाक कळतला?”

कळले नाही, हे खरे. आणि मीही बोलले नाही, हेही खरे.

रात्री झोप लागेना. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली ज्यांच्या हाकेवरून सत्याग्रह झाला, त्या गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले होते. पुढे मोठ्या आजारात कस्तुरबांनी सुचवले, की तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, शेळीचे घ्या. त्यांनी घेतले, शब्द पाळला पण व्रताचा आत्मा गेला, अशी खंत आत्मकथेत लिहून ठेवली. पण कस्तुरबांनी निदान तोंडावर सांगितले होते. आमची मसलत बरणीआडची.

दुसऱ्या दिवशी वेळागरच्या किनाऱ्यावर नातीला सांगून टाकले. सुरूच्या झाडाखाली ती कितीतरी वेळ वाळू उकरीत बसली. “तूसुद्धा, आजी?” एवढेच म्हणाली. थोरल्या आजीबद्दल चकार शब्द नाही.

घरी येऊन ती भांडली नाही. सरळ विळी ओढून नारळ खवू लागली. “थोरल्या आजी, आजपासून मी करते. तू सांग.” जाऊबाई तासभर तोंड फिरवून बसल्या. पण रस पातळ होताना पाहवेना. “पयलो रस वेगळो काढ गो!” मग तीन दिवस दोघींची शिकवणी चालली. चूक झाली असे जाऊबाई म्हणाल्या नाहीत. तुपाची बरणी मात्र माजघरातल्या कपाटात गेली.

निघायच्या आदल्या रात्री गारठा होता. जाऊबाईंच्या टाचांना भेगा पडलेल्या. नातीने कोकमतेलाचा गोळा पातळ करून चोळला आणि वर मोजे चढवले. सकाळी जाऊबाई त्याच पायांनी माडांना पाणी सोडायला निघाल्या.

नात हल्ली पूर्वीसारखीच घरी येते, जेवते. फक्त वाढलेले तोंडात घालण्याआधी क्षणभर माझ्याकडे पाहते.

परवा शिरोड्याहून फोन आला. “एक आंबो कुत्र्यान व्हरल्यान. चेडवाक सांग, दुसरो धाडून दी.”