संगणकाचे तेलपाणी

आमच्या संगणक कक्षात चार संगणक आहेत. आमच्या वर्गाचा तास आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. एका संगणकावर सात-आठ जण बसतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. ती गेली की थेट पुढचा गुरुवार!

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी माझा नंबर पहिला होता. बटण दाबले तर पडद्यावर अपडेट सुरू. बारा टक्के, मग तेरा टक्के. मागून कोणीतरी म्हणाले, “काय होऊन राह्यलं बे हे?” दुसरे संगणकही अपडेट उतरवून घेत होते, त्यात सरांच्या मोबाईलचा त्या दिवसाचा डेटा संपला. पस्तीस टक्क्यांवर लाईट गेली अन् तासही संपला.

सगळे म्हणाले, “सर, हे कायमचंच बंद करून टाका नं!”

सरांनी मग २०१७ सालची हकिगत सांगितली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले. पुढे २७ जूनला दुसरा एक व्हायरस आला आणि न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अडले. नवल म्हणजे हा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता! म्हणून मोठ्या कचेऱ्यांत अपडेट आधी थोड्या संगणकांवर घेऊन पाहतात, मग बाकीच्यांवर.

घरी हे सांगितले तर बाबा म्हणाले, “मळणी यंत्राचं तेलपाणी मळणीच्या आधी करा लागते. सोयाबीन आत टाकल्यावर कोणी करते का?” मला हे सर्वांत जास्त पटले.

सरांनी विंडोजच्या सेटिंगमध्ये काय केले, ते मी शेजारी उभी राहून पाहिले. मोबाईलच्या नेटला ‘मीटर्ड कनेक्शन’ केले. आता बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये शाळेची वेळ टाकली, म्हणजे त्या वेळात संगणक अपडेटसाठी आपणहून बंद-चालू होत नाही. ‘पॉज’ दाबून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. आपल्याला मुलांचे साधे खाते दिले आहे. मुख्य पासवर्ड सरांजवळच असतो. (तो कोणी विचारू नये, मलाही माहीत नाही.)

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की अपडेट घेतो. आधी खिडकीजवळचा एकच संगणक. तो सोमवारी नीट चालला तर बाकीचे तीन. एकाने उतरवलेले अपडेट बाकीच्यांना आपसातल्या जोडणीतून मिळावे, अशी सोयही चालू केली आहे. डेटा वाचतो. तारीख लिहायची वही या वर्षी माझ्याकडे आहे.

पालकांना एक विनंती. शनिवारी आपण शाळेत आलात आणि पडद्यावर टक्के फिरताना दिसले, तर कृपया भिंतीवरचे बटण बंद करू नये.