घारीची पाठ

शहरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा, घारीची पाठ कशी असते? घार त्यांनी पाहिलेली असते ती गच्चीवरून, मान मोडून. पोट आणि दुभंगलेली शेपटी तेवढी ठाऊक. पाठ पाहायची तर तिच्याहून उंच चढावे लागते, आणि त्यासाठी पुणेकरांना सिंहगड जवळचा.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा-भाचीला घेऊन कल्याण दरवाजापाशी बसलो होतो. आकाश रिकामे. ऊन तापून दरीतली हवा वर चढू लागेपर्यंत घार उगीच पंख मारीत नाही, असे मी सांगितले. "म्हणजे लिफ्टची वाट बघते!" धाकटा म्हणाला. नऊच्या सुमारास खरोखरच पाचसहा घारी आमच्या पायांखालून घिरट्या घेत वर आल्या. मग आला एक तांबूस पाठीचा लहानसा ससाणा, उत्तरेकडून थंडीपुरता आलेला पाहुणा. हवेत एकाच जागी तो फडफडत राहिला. पंख, शेपूट सारे हलत होते. डोके मात्र खुंटीला टांगल्यासारखे स्थिर. पोरे श्वास रोखून पाहत होती.

बहिरी ससाणा काही दिसला नाही. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठतो, हे ऐकून धाकटा खूश. थोरलीला वाटले, त्याला ऐकू येत नाही! मग मास्तरकी आलीच: हा बहिरी आपला नव्हे, फारसी-अरबीतून आलेला. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी, म्हणून शिकाऱ्यांचा 'बाज' ही मादी. नर बिचारा 'जुर्रा'. थोरलीने भावाकडे विजयी मुद्रेने पाहिले.

"आणि गिधाडं?"

माझ्या लहानपणी मेल्या गुराभोवती त्यांची पंगत बसे. या मुलांना गिधाड ठाऊक आहे ते शिवी म्हणून. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. ते अंगात असलेले मढे खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकही उरली नव्हती.

"मग मेलेली गुरं आता कोण खातं?"

"भटकी कुत्री बरीचशी."

ती गप्प झाली. हरियाणात पिंजोरला गिधाडांची वीण वाढवतात, एवढे मी पुढे सांगितले. उतरताना अर्ध्या वाटेवर तिने विचारले, "मामा, पिंजोरला गाडी कुठून सुटते?"