वजन कुठे ठेवायचे? बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरांचा एक छोटा इतिहास

१/८ लहानपणी सुटीत गावी गेले की कुळवावर बसण्याचा मान माझा असे. पास जमिनीत शिरेना की काका दिंडावर दगड ठेवत. दगड हाताशी नसला की मला बसवत. आपण वजन म्हणून बसलो होतो, हे फार उशिरा उमगले. आजचा धागा याच वजनाविषयी.

२/८ बैल खुरांनी जमीन धरतो. ट्रॅक्टरला मात्र ती पकड मागच्या चाकांवरच्या वजनातून मिळवावी लागते. १९१७ पासून मोठ्या प्रमाणावर निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरचा नांगर मुळात वा खडकात अडकला, की चाके थांबत, इंजिन जोर लावतच राही आणि पुढचा भाग उचलला जाऊन यंत्र चालकावर उलटे. त्यात माणसे मेली.

३/८ हॅरी फर्ग्युसनने यावर तीन दांड्यांची जोडणी काढली. नांगराचा भार आणि मातीची खालची ओढ मागच्या चाकांवर उतरे, तर वरचा दांडा पुढचा भाग दाबून धरी. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी हस्तांदोलनावर करार केला. १९३९ मध्ये फोर्ड ९एन आला. हलक्या ट्रॅक्टरला लागणारे वजन आता अवजाराकडूनच मिळू लागले.

४/८ महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे पसरली आणि बागेचे छोटे ट्रॅक्टर आले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ७ अश्वशक्तीचा कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअर ११० हा १९६३ चा. गवतावर ते चालत. पण बर्फ ढकलताना वा ओल्या उतारावर एक चाक जागीच फिरू लागे. साधा डिफरन्शियल असला की दुसरे चाकही मग हतबल.

५/८ उपाय जुनेच : चाकाला बोल्टने बसवलेल्या बिडाच्या चकत्या, टायरवर साखळ्या, टायरच्या आत पाणी. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवत. त्याने द्रावण जडही होई; मात्र ते गळले की लोखंडी रिम गंजे. टायर सुमारे तीन चतुर्थांश भरून वर हवा ठेवत.

६/८ किती वजन, याहून कुठे वजन, हा प्रश्न मोठा. चाकातले वजन थेट जमिनीवर जाते. ॲक्सल आणि बेअरिंग ते वाहत नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे टांगलेली काँक्रीटची पेटी मात्र ॲक्सलवर भार टाकते आणि पुढची चाकेही हलकी करते. मग सुकाणू वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो.

७/८ घसरणारे चाक हा एक इशाराही असतो. वजन वाढवून घसरणे बंद केले, की ताण पुढच्या कमकुवत जागी जातो : साठ वर्षांच्या गिअरच्या दातांवर, किंवा ओढणीची साखळी ॲक्सलहून उंच बांधली असेल तर थेट चालकावर. फोर्डसनचा तोच जुना अपघात बागेत परत येतो. म्हणून ओढ नेहमी खालच्या हुकालाच बांधावी.

८/८ एकदा आमचा कुळव मुळात अडकला आणि मी मागे ढेकळांवर पडले. हनुवटीवरची खूण अजून आहे. त्यानंतर काकांनी दगडच ठेवला, मला कधी बसवले नाही. यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण अश्वशक्ती मोजतो. मी मात्र आता आधी पाहते, की वजन कुठे ठेवले होते आणि ते निसटले असते तर कोणाच्या अंगावर आले असते.