मसुद्यांचा तास

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालमोटारी चालविणाऱ्यांची, त्यांतील पोलाद उतरविणाऱ्या माथाडींची आणि सिडकोच्या वसाहतीपूर्वीपासून येथे नांदणाऱ्या आगरी कुटुंबांची मुले आमच्या मराठी शाळेत एकाच बाकावर बसतात. त्यांच्या बोली भिन्न, अनुभव विलक्षण. आणि तरीही 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला की प्रत्येक वहीत तोच मोर नाचतो, याचे शल्य मला दीर्घकाळ होते. शब्दांचे दारिद्र्य हे त्याचे कारण नव्हते. लाल शाईने खोडलेले वाक्य कायमचे चुकले, ही धास्ती होती.

म्हणून मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी निबंधाचा तास संगणक कक्षात घेऊ लागलो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर डाव्या हाताकडे स्वर व उजवीकडे व्यंजने असतात, आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने घालावी लागतात, म्हणजे कागदावर आधी काढली जाणारी ह्रस्व वेलांटी येथे व्यंजनामागून येते; त्यामुळे जोडाक्षरे गिळणारी मुलेदेखील शब्द ओठांत घोळवून लिहू लागली.

वर्गात एक विद्यार्थी होता, तोंडाने अखंड बोलणारा आणि लेखणी हाती येताच मूक होणारा. त्याला मी बोलून मजकूर उतरविण्याची सोय दाखविली. २६ जुलै २००५ च्या महापुराची आजीकडून ऐकलेली हकिकत तो सांगू लागला, तेव्हा यंत्राने तिच्या आगरी शब्दांच्या जागी भलतेच प्रमाण शब्द बसविले. ते पाहून तो इतका चिडला, की एकेक शब्द स्वतः कळफलकावर उमटवू लागला, आणि लेखनाला खरा आरंभ झाला तो तेथे. बोलून लिहिण्याची सोय उंबरठ्यापर्यंतच उपयोगी आहे, असे माझे मत त्या दिवशी बनले.

त्याचा पहिला मसुदा तीन वाक्यांचा होता: खूप पाणी आले, सामान वाहून गेले, आजी रडली. मी काहीही न खोडता समासात प्रश्न टाकला, "पाणी कुठवर आले होते?" त्याने घरी विचारले, पुढच्या मसुद्यात पाणी ओट्याला लागले, आजीने तांदळाचा डबा माळ्यावर चढविला, आणि शेजारणीचे तान्हे मूल त्याच माळ्यावर रात्रभर निजले. संगणक प्रत्येक आवृत्ती जपून ठेवीत असल्यामुळे तो स्वतःचे जुने वाक्य नव्याशेजारी ठेवून वाचू शकला, आणि कोणते चांगले, हे मला सांगावे लागले नाही.

मुले तयार निबंध उतरवतील, ही शंका रास्त आहे. पण जपून ठेवलेल्या आवृत्त्यांच्या त्याच इतिहासात संपूर्ण परिच्छेद एका क्षणात अवतरलेला दिसतो, आणि मग त्याविषयी मुलाशी शांतपणे बोलता येते.

साहित्य महामंडळाचे, शासनाने १९६२ साली मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम मी आजही कसोशीने शिकवितो; मात्र त्यांची वेळ अखेरच्या मसुद्याची. पहिल्याच ओळीखाली उमटणारी यंत्राची लाल रेघ शिक्षकाच्या लाल शाईइतकीच घातक आहे.

ज्या शाळांत संगणक कक्ष आहे, तेथील मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की वेळापत्रकात मराठीचा एक तास त्या कक्षात लावावा, आणि मुलांच्या पहिल्या मसुद्याला गुण देऊ नयेत.