कानातले खडे

४ जून
पहाटे आईनं कूस बदलली आणि ओरडली, "अरे, खाट फिरतेय!" उठवून बसवलं तेव्हा थांबलं. उजव्या कुशीवर गेली की पुन्हा तेच. शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं : पित्त. आल्याचा रस झाला, लिंबू झालं. खाट फिरायची ती फिरलीच.

६ जून
कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे ४५ अंशांत वळवली आणि झटकन उताणं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर जरा खाली. "डोळे मिटू नका, आजी." क्षणभर काही नाही. मग बुबुळं एका बाजूला झटके घेऊ लागली, सावकाश परत येऊन पुन्हा झटका. अर्ध्या मिनिटात शांत. "सापडलं," डॉक्टर म्हणाले.

आतल्या कानात दोन पिशव्या असतात. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे बसलेले. डोकं कललं की खडे वजनानं सरकतात, खालचे बारीक केस वाकतात आणि खालची बाजू कोणती ते मेंदूला कळतं. आईचे काही खडे सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले होते. ती नळी फक्त गरगर फिरणं ओळखते. खडे घरंगळले, आतलं पाणी हललं, झाली खाट सुरू.

उपाय म्हणजे मान टप्प्याटप्प्यानं वळवून खडे परत पिशवीत सोडायचे. एप्ली नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास बसवलेली पद्धत. आईला बरं वाटलं, पण पटलं नाही. फी घेतली आणि साधी गोळीसुद्धा नाही!

७ जून
याच विषयावर वाचत बसलो. कोळंबीला असे खडे नसतात, ती वाळूचे कण वापरते. कात टाकली की तेही जातात, मग नवे कण भरून घेते. १८९३ मध्ये व्हिएन्नात क्रायडल यांनी तिला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. वरून लोहचुंबक धरलं तशी कोळंबी उलटी झाली! तिच्या लेखी तीच सरळ होती.

१० जून
न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवायचाय, म्हणून गवंडी आला. भिंतीला ओळंबा लावून म्हणाला, "साहेब, जुन्या घरात डोळ्यावर जाऊ नका. सगळंच कललेलं, त्यात कललेलंच सरळ दिसतं."

विटकिन आणि ॲश यांनी १९४८ मध्ये प्रयोगशाळेत हेच पाहिलं होतं. अंधारात एक तिरकी चौकट आणि तिच्यात एक दांडी. दांडी उभी करा म्हटलं की बरेच लोक ती चौकटीकडे झुकवून ठेवत. काहींवर मात्र चौकटीचा फारसा परिणाम होत नसे. पुढे एडिंबऱ्यात ली यांनी नुसत्या भिंतींची टांगती खोली केली. जमीन स्थिर, पण समोरची भिंत जवळ आली की नुकतं चालायला लागलेलं पोर मागे पडे. आपणच पुढे झुकतोय असं वाटून ते मागे रेलायचं. कान खरं सांगत असताना डोळ्यांचं ऐकलं जातं, हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

१४ जून
आता दादांची पाळी. मधुमेहानं तळपाय बधिर झालेत. डॉक्टरांनी पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं. दादा डुलले, डॉक्टरांनी खांदे धरले. ही रोम्बर्ग यांची चाचणी, एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनची. तळवे आणि घोटे बातमी देईनासे झाले की माणूस डोळ्यांच्या आधारानं उभा राहतो. त्यामुळे असे लोक बेसिनवर तोंडावर पाणी मारताना झोकांडी खातात, आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर पडतात.

म्हणजे दांड्याइतकाच दिवाही हवा. बोळात रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला.

१६ जून
"चाळीस वर्षं अंधारात जातोय मी," दादा म्हणाले. दिवा काढून त्या सॉकेटला त्यांनी मोबाइलचा चार्जर लावलाय. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावून दिव्याची वायर थेट जोडून घेतो, बटण न ठेवता.