बेसा ते गिरड आणि परतीची वेळ

बेसाच्या आमच्या घरात पावसाळ्यातला रविवार गच्चीवरच्या टिनापासून सुरू होतो. फजरच्या आधी जाग येते ती टिनावरच्या आवाजाने. थेंब मोजता येण्यासारखे वाजत असतील तर सायकल निघते. मूठभर चणे फेकल्यासारखा आवाज असेल तर नमाज पढून पुन्हा अंथरुणात. घरात आम्ही उर्दू बोलतो आणि लहानपणापासून स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय आहे. म्हणून मराठीत लिहितानाही ‘आम्ही’च येते. वाचकांनी यात मोठेपणा शोधू नये. सायकल चालवणारा मास्तर एकटाच आहे.

बेसा म्हणजे नागपूरचे दक्षिण टोक. मानेवाडा रोडने सरळ निघाले की शहर संपता संपता लागते. आम्ही मोमीनपुऱ्यातल्या दोन खोल्या सोडून, बँकेचे कर्ज काढून इथे आलो, तेव्हा घराच्या मागे पऱ्हाटी उभी होती. आता तिथे ले-आउट पडले, इमारती झाल्या. शेत गेले, पण शेतातली काळी माती कुठे गेली नाही. पहिल्या दमदार पावसात ती फुगते आणि चपलेला, चाकाला, ब्रेकला चिकटते. डांबरी रस्ता गाठेपर्यंत सायकल कधी कधी खांद्यावर न्यावी लागते. शेजारी हसतात, म्हणतात, “सर, ती तुम्हाला नेते की तुम्ही तिला?”

सायकल आमच्याकडे चाळिशीनंतर आली. रक्तातली साखर काठावर आहे असे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही मुलाच्या सायकलवर शाळेत जाऊ लागलो. शाळेतून पुढे वाडीपर्यंत, वाडीतून बुटीबोरीपर्यंत. मग एका सहकाऱ्याने ब्रेवे नावाच्या प्रकाराबद्दल सांगितले. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे, एवढेच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. या साऱ्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची सायकलफेरी तिथे 1891 मध्ये पहिल्यांदा झाली आणि आता दर चार वर्षांनी होते. आपल्या देशातही शेकडो हौशी लोक, डॉक्टर, दुकानदार, शिक्षक, ब्रेवे करतात. हातात एक कार्ड असते. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर वेळेची नोंद होते. अंगावर चमकणारा पट्टा आणि सायकलला दिवे सक्तीचे. आणि मुख्य नियम असा की मदतीला मागेपुढे गाडी चालत नाही. पंक्चर झाले तर स्वतः काढा, भूक लागली तर स्वतः शोधा.

हा शेवटचा नियम आम्हाला फार आवडला होता. कोणावर भार न टाकता करायची गोष्ट, असे वाटले. एका हिवाळ्यात 200 पुरे केले, बारा तासांच्या आत. मग 300 चे वेड लागले आणि त्याची तयारी पावसाळ्यात आली.

सराव करायला उमरेडचा रस्ता बरा. बेसाहून पिपळा, पुढे दिघोरी गाठून उमरेड रोड धरायचा. विहीरगाव, पाचगाव, चांपा, उदासा करत उमरेड येते. श्रावणात हा रस्ता पाहण्यासारखा असतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी, मधून मधून सागाचे जंगल, आणि उमरेडजवळ कोळसा खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर. पावसात त्यांच्यावरही हिरवळ चढते आणि परका माणूस त्यांना खरेच डोंगर समजतो. उमरेडहून सरळ गेले की भिवापूर, तिथली मिरची सगळ्यांना ठाऊक आहे. उजवीकडे वळले की वर्धा जिल्ह्यातले गिरड. तिथल्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही पिढ्यान्‌पिढ्या तिथे येतात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी लोककथा आहे. शाळेत आम्ही मुलांना ही कथाही सांगतो आणि खडकाच्या पोकळीत खनिजे साचून असे गोटे कसे बनतात तेही सांगतो. मुलांना दोन्ही आवडते.

त्या ऑगस्टमधल्या रविवारी आम्ही सव्वापाचला निघालो. खिशात खजूर, गूळ-शेंगदाणे आणि मुलांच्या अम्मीने बांधून दिलेले दोन पराठे. दुपारी एकच्या आत घरी यायचे ठरले होते, कारण अडीच वाजता मोठ्या मुलीची शहरात शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती दहावीत. रविवारी पावसात आमच्या भागात ऑटो मिळत नाही. स्कूटरवर तिला आम्हीच नेणार होतो. पावणेआठला उमरेड, नऊला गिरड. खाली उभे राहून फातिहा पढली, चहा घेतला आणि परत फिरलो. सगळे घड्याळाप्रमाणे चालले होते.

गिरडहून निघून पाच-सहा किलोमीटर झाले असतील. येताना कोरडा असलेला रपटा आता पाण्याखाली होता. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असणार. पाणी घोट्याएवढेच दिसत होते. आम्ही सायकल उचलली तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक शेतकरी ओरडला, “भाऊ, येऊ नका! दिसते तेवढं नाही, मधात खड्डा हाय. उतरन घंट्या-दीड घंट्यात.”

आम्ही थांबलो. त्या बाबतीत चूक झाली नाही. वाहते पाणी सहा इंच असले तरी माणसाचे पाय उचलू शकते, हे आम्ही वर्गात शिकवतो. पाणी उतरले तेव्हा अकरा वाजले होते. फोन पिशवीत भिजून बंद पडला होता. उमरेडला आलो तेव्हा अकरा पस्तीस. चहाच्या टपरीवर एक छोटा मालवाहू टेम्पो उभा होता, नागपूरला रिकामा चाललेला. चालक म्हणाला, “टाका सायकल मागे. तासा-सव्वा तासात दिघोरीला सोडतो.”

चूक इथे झाली. आम्ही मनात हिशेब केला. अठ्ठेचाळीस किलोमीटर, ताशी वीसने दोन तास पंचवीस मिनिटे, म्हणजे दोनला घरी. परीक्षा अडीचला. जमते. सकाळपासूनचे एवढे अंतर झाले, आता शेवटी टेम्पोत बसायचे? “नको, जातो मी,” म्हणालो. टपरीवाल्याच्या फोनवरून घरी कळवलेही नाही. दोनला पोहोचणारच होतो ना.

चांप्याच्या पुढे आभाळ काळे झाले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर वीज आपल्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि आसरा घ्यावा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास निघू नये. आम्ही आठपर्यंतच मोजू शकलो. झाडाखाली थांबणे धोक्याचे, म्हणून बस थांब्याच्या पक्क्या निवाऱ्यात शिरलो. तिथेच जोहर पढलो. आमच्या हनफी मसलकात प्रवासाची सवलत अठ्ठेचाळीस मैलांच्या सफरीला मिळते. गिरड तेवढे दूर नाही, म्हणून पुऱ्या चार रकात. सलाम फेरताना पहिला विचार आला तो टेम्पोचा. पुढे पाचगावजवळ मागचे चाक पंक्चर झाले. ओल्या हातांनी टायर रिमवरून निघता निघेना.

घरी पोहोचलो तेव्हा तीन वीस. दारात अब्बा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “ठीक हो?” मुलीला सव्वादोनपर्यंत वाट पाहून शेजारच्या काकांनी मोटरसायकलवर नेले होते. पावसातून जाताना ती भिजली. केंद्रावर पोहोचेपर्यंत वीस मिनिटे उलटली होती. आत बसू दिले, पण गेलेली वीस मिनिटे कोण परत देणार? मुलांच्या अम्मी काही बोलल्या नाहीत. गरम पाणी ठेवले आणि कोरडे कपडे काढून दिले. ते बोलण्यापेक्षा जड गेले.

संध्याकाळी मुलगी आली. बूट काढता काढता म्हणाली, “अब्बू, तुमच्या ब्रेवेला वेळेची मर्यादा असते. घरी यायला नसते का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. रपटा, वीज, पंक्चर ही सगळी कारणे खरी होती, पण टेम्पोही खरा होता.

त्या आठवड्यात सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि आम्ही बराच विचार केला. आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळपास पाच हजार किलोमीटर, मुदत बारा दिवस. पुढच्या वर्षी डॉ. समर्थ रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे नऊ हजारांहून अधिक किलोमीटर गेले. अशा शर्यतीत ‘एकट्याने’ म्हणजे सायकलवर एकटा. मागे गाडीत साथीदार असतात. खायला देणारे, रस्ता सांगणारे, झोपेतून उठवणारे. त्यांची गाडी सगळ्यांना दिसते. आमच्या ब्रेवेत गाडी चालत नाही, म्हणून आम्ही समजत होतो की आम्हाला साथीदारच नाहीत. खरे तर ते होते. पराठे करणारी अम्मी, दारात बसणारे अब्बा, वाट पाहणारी मुलगी. फक्त त्यांची गाडी बेसाला उभी होती आणि आम्हाला दिसत नव्हती.

मग घरात बसून काही गोष्टी ठरल्या. ज्या घरात कोणाला असा छंद आहे, त्यांना उपयोगी पडतील म्हणून लिहितो. ज्या दिवशी घरातल्या कोणाचे महत्त्वाचे काम आहे, त्या दिवशी लांबची सायकल नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असेल तर निघायचे नाही. तो अतिमुसळधार पावसाचा इशारा असतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असावे, ते आसपासच्या विजेची सूचना देते. फोन दोन पिशव्यांत, आणि घरचा नंबर कागदावर वेगळा. चाकांवर मडगार्ड, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक नाही, पाणी भरलेल्या खड्ड्यातून चाक नाही. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्र कोंबायचे, सकाळपर्यंत कोरडे होतात. आणि वाहन मिळत असेल व उशीर होत असेल, तर वाहनात बसायचे. हा नियम मुलीने सांगितला आणि तो सगळ्यात वर लिहिला.

लिहिला म्हणजे खरोखर लिहिला. तिने पुठ्ठ्याचे एक कार्ड केले, ब्रेवेच्या कार्डासारखे. निघण्याची वेळ, उमरेडहून फोन, परतीचा फोन आणि शेवटचा रकाना ‘घरी’. शेवटच्या रकान्यात सही अब्बांची. ते उर्दूत सही करतात, खाली घड्याळ पाहून वेळ टाकतात. कार्ड फ्रिजवर चिकटवले आहे.

सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही पुन्हा निघालो. उमरेडला पोहोचून घरी फोन केला. दक्षिणेकडे आभाळ दाटले होते. फोनवर दामिनीची सूचना आली. टपरीवर तोच टेम्पो नव्हता, पण भाजीचा दुसरा एक होता. आम्ही काही न बोलता सायकल मागे टाकली आणि चालकाशेजारी बसलो. त्याने विचारले, “बिघडली का?” आम्ही म्हणालो, “नाही, वेळ झाली.” अकराच्या आत बेसाला होतो. अब्बांनी घड्याळ पाहिले, सही केली आणि म्हणाले, “आज जल्दी आ गये.” मुलगी पुस्तकातून वर न पाहता म्हणाली, “वेळेत आले, दादाजान.”

300 किलोमीटर अजून बाकी आहेत. हिवाळ्यात करू, इन्शाअल्लाह. मुलीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून तारीख तिलाच विचारून धरली आहे. तोपर्यंत टिनावर पाऊस वाजतो आहे. आज मूठभर चण्यांसारखा आवाज आहे. आम्ही घरीच आहोत, आणि या वेळी ‘आम्ही’ म्हणजे सगळे.