नगरकडची भाकरी

दौंडहून मनमाडकडे निघालेली आगगाडी भीमेचा पूल ओलांडून उत्तरेस वळली, की खिडकीबाहेरचा मुलूख हळूहळू रूप पालटू लागतो. झाडी विरळ होते, माळ उघडे पडतात, आणि जेथे जमीन काळी आहे तेथे पौष-माघात ज्वारीची ताटे नजर पोहोचेल तेथवर उभी दिसतात. हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात अन्नास महाग झालेल्या हजारो लोकांना पोट भरण्यासाठी त्याचे मातीकाम देण्यात आले होते. भाकरीसाठी खपलेल्या हातांनी घातलेल्या या वाटेनेच भाकरीच्या मुलखात शिरावे, हा योग मला तरी लक्षात राहण्यासारखा वाटला.

१४९० साली अहमद निजामशहाने वसविलेले अहमदनगर २०२४ साली सरकारी दप्तरात अहिल्यानगर झाले. लोकांच्या तोंडी मात्र पूर्वीपासून नुसते 'नगर'च आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. ताटातील अन्नावरून पाहिले तर त्यात तीन मुलूख नांदतात. पश्चिमेस कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले तालुका भाताचा; मध्ये प्रवरेच्या पाटपाण्यावरचा भाग उसाचा नि गव्हाचा; आणि दक्षिणेस व पूर्वेस पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा कोरडा टापू ज्वारी-बाजरीचा. माझे जाणे या शेवटच्या भागात होते. जामखेड तालुक्यातील एका खेड्यात माझ्या आत्याबाई राहतात. अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम चौंडी याच तालुक्यात आहे. नगरहून जामखेडला जाणारी मोटार मध्येच बीड जिल्ह्यातील कडा-आष्टीवरून जाते, त्यामुळे एका जिल्ह्यातून त्याच जिल्ह्यात पोहोचण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीत शिरावे लागते. असो.

शहरातील आमच्या घरी दर आठवड्यास पाव आणला जातो, दोन दिवस खाल्ला जातो, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी आली म्हणून टाकून दिला जातो. हे ऐकून आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला उठवून माजघरातील बळद दाखविले. भिंतीच्या पोटातच बांधलेली ही धान्याची कोठी वरून भरतात आणि खालच्या लहानशा तोंडातून लागेल तसे धान्य काढतात. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. अंगणाच्या कोपऱ्यात पूर्वी पेव होते, ते आता बुजविले आहे. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा घ्यावयाचा, त्याला बुडाशी व कडेने कडबा-भुसकट लावावयाचे, ज्वारी ओतावयाची आणि तोंड दगडमातीने बंद करावयाचे. आतील दाणे श्वासोच्छ्वास करून तेथील प्राणवायू संपवितात, कर्बवायू साचतो आणि किडा जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून तो तेवतो की विझतो हे पाहावे लागे, नाहीतर माणूसच गुदमरून मरावयाचा. एरवी आपण कशाचे 'पेव फुटले' असे म्हणतो, ते शब्द या खड्ड्यांतूनच आले.

या मुलखातील शहाणपण मला येथे उमगले. साठवावयाचे ते धान्य. दाणा नीट ठेवला तर वर्षानुवर्षे राहतो. त्याचे पीठ केले की घटका मोजावयास लागतात. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश हवेने खवट होऊन चारआठ दिवसांत पीठ कडू लागते. ज्वारीचे पीठ कडू होत नाही, पण जुने झाले की त्याची विरी जाते, मग भाकरी थापता थापता कडेने फाटते. जात्यावर रोज पहाटे दळण्याची रीत त्यामुळे पडली. तिला आपण ओव्यांमुळे फार गोड समजतो. ज्या बायकांचे खांदे त्यात झिजले त्यांना विचारावे. आता गावात गिरणी आहे आणि आत्याबाईंची सून आठवड्याचे पीठ एकदम आणते, त्याहून जास्त नाही.

भाकरी करण्याची पद्धत वाचक भगिनींना मी काय सांगावी! तथापि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गव्हात असतो तसा चिवट द्रव्याचा अंश ज्वारीत नसतो, म्हणून पिठावर कढत पाणी ओतून त्यातील पिष्ट अर्धवट शिजवून घ्यावे लागते. त्यानेच पीठ जुळून येते. मग काठवटीत मळणे, थापणे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरविणे, उलटणे, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकणे. पापुद्रा टम्म फुगतो. येथपर्यंत सर्वत्र सारखेच. यापुढे मात्र आत्याबाईंचे घर आणि आमचे घर यांत अंतर पडले. आम्ही गरम भाकऱ्या एकावर एक रचून डब्यात घालतो व झाकण लावतो. त्या प्रत्येक भाकरी दुरडीच्या कडेला टेकवून सुटी उभी ठेवतात, तिची वाफ पुरती जाऊ देतात, आणि मगच सुती फडक्यात गुंडाळतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "अरे, गरम झाकलीस की तिला घाम येतो, आणि घामेजली की ती उद्या तुला बुरशी दाखवते. माणूस ओल्या अंगाने पांघरूण घेतो का?"

बुरशीच्या बाबतीत त्यांचा नियम कडक आहे. डाग दिसला की सबंध भाकरी बाद. तेवढा तुकडा मोडून उरलेली खावयाची नाही. ते योग्यच आहे, कारण बुरशीचे तंतू डागाच्या पुष्कळ पलीकडे आत पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र नुसती कडक झालेली भाकरी त्या कधी टाकीत नाहीत. ती ताकात कुस्करतात, आमटीत बुडवितात, नाहीतर कांदा-मिरचीच्या फोडणीवर परततात. मी तिला एकदा शिळी म्हटले, तर लगेच सुधारले: "शिळी कशाला म्हणतोस? रात्रीची म्हण."

या एका शब्दावर आपल्या घरांतून किती वाद झाले असतील! शिजलेले अन्न रात्र ओलांडली की शिळे, आणि पाण्याचा स्पर्श झालेले ते खरकटे. सोवळ्याच्या घरी त्याला प्रवासात स्थान नाही. मग तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाने खावे काय? त्यावर आपल्याच आजी-पणजींनी दशमी हा तोडगा काढला. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजविले की ते खरकट्यात मोडत नाही, म्हणून दशमी वाटेत बरोबर नेता येते. शिवाय दुधातील स्निग्धांशामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धर्मशास्त्राची अडचण आणि पोटाची अडचण एका पातेलीभर दुधाने सुटली. यात मला पळवाट दिसत नाही, चातुर्य दिसते.

याच जिल्ह्यात शिर्डीस याहून निराळा प्रकार होता. साईबाबा गावात पाच घरी भाकरी मागत आणि मिळालेले तुकडे मशिदीत एका मातीच्या कोळंब्यात टाकीत. त्याला झाकण नसे. कुत्री-मांजरे त्यात तोंड घालीत, कोणी गरीब येऊन त्यातून घेई, आणि उरलेले बाबा खात. १९१८ साली ते समाधिस्थ होईपर्यंत हा क्रम चालू होता. भाकरी कोणी खाल्ली म्हणजे ती वाया गेली नाही, एवढाच तेथे साठवणीचा हिशेब.

परतीच्या वाटेवर मी नगर शहराला लागून असलेल्या भिंगारच्या छावणीत गेलो. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरची पेठ व किल्ला घेतला. सकाळी येऊन, भिंत ओलांडून, शिबंदी कापून हे लोक न्याहारीला परत गेले, अशा अर्थाचे आश्चर्य गोखले नावाच्या मराठा सरदाराने तेव्हा व्यक्त केल्याचे सांगतात. गोऱ्या पलटणी आल्या आणि त्यांच्या न्याहारीबरोबर पावही आला. आमच्या ज्ञातीला तो पचावयास फार वेळ लागला. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे ठेवली गेल्यावरून केवढा गदारोळ झाला आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास कसे तोंड द्यावे लागले, हे प्रसिद्ध आहे. आता त्याच घरांतून पाव नसला तर मुले रुसतात.

या छावणीत १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले होते. हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन पळालेले ज्यू निर्वासितही त्यांत सापडले; चौकशीनंतर त्यांतील बरेच सुटले. ज्यू लोकांच्याच, पण पोलंडकडच्या, एका पावाची हकीकत माझी पुतणी अमेरिकेहून कळविते. त्याचे नाव बेगल. कणकेचे जाड कडे करून ते प्रथम उकळत्या पाण्यात सोडतात आणि मग भट्टीत भाजतात. त्याने कवच चिवट व गर घट्ट होतो. क्राकाव येथील ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत बाळंतिणीला द्यावयाच्या वस्तूंत त्याचा उल्लेख येतो. जामखेडला मी हे सांगितले तेव्हा आत्याबाई उद्गारल्या होत्या, "म्हणजे त्यांचीही उकडच की! आणि बाळंतिणीला? मग चांगलेच असणार."

हा बेगल सकाळी उत्तम, संध्याकाळी बरा आणि दुसऱ्या दिवशी दगड, अशी त्याची ख्याती. पुतणीने तो ताजा राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवला आणि तो अधिकच लवकर दगड झाला. आमच्या घरी पावाचे हेच होते. कारण असे की, शिळेपणा म्हणजे पाणी उडून जाणे, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिले, की पावातील ओलावा जाऊ दिला नाही तरीही तो शिळा होतो, आणि पुन्हा तापविला की ताजा होतो. भाजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन मऊ होतात. निवल्यावर ते पुन्हा आवळून, स्फटिकासारखे जुळून घट्ट बसतात. हे जुळणे गोठणबिंदूच्या थोडे वर सर्वांत जलद होते, आणि आपला फ्रिज नेमका तेथेच असतो. त्याने बुरशी लांबते एवढे खरे, पण पाव वातड होतो. बर्फाच्या कप्प्यात, शून्याखाली अठरा अंशांवर, मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. अमेरिकेत न्यू हेवन येथे १९२७ साली बेगलचा धंदा काढणाऱ्या लेंडर कुटुंबाने पुढे बेगल गोठवूनच देशभर पोहोचविले.

तेव्हा करावयाचे ते असे. आज-उद्या खावयाचा पाव अगर बेगल कागदात किंवा फडक्यात गुंडाळून बाहेरच, कोरड्या जागी असावा. उरेल तो पुरता निवाल्यावर कापून, पिशवीतील हवा काढून, पहिल्याच दिवशी बर्फाच्या कप्प्यात टाकावा. शिळा झाल्यावर टाकून उपयोग नाही. खाताना वितळण्याची वाट न पाहता सरळ तव्यावर शेकावा. रात्रीच्या भाकरीवर पाण्याचा हबका मारून ती झाकून तापविली की पुन्हा लवते, तेही याच नियमाने. साठ अंशांपलीकडे ऊन लागले की आवळलेले पिष्ट सैल पडते.

पूर्ण वाळविणे हा उलट मार्ग, आणि या कोरड्या टापूला तोच अधिक मानवतो. शेजारच्या सोलापूरकडची कडक भाकरी प्रसिद्धच आहे. अगदी पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत शेकावयाची. पाणीच न उरल्याने बुरशीला थारा नाही, आणि हवाबंद डब्यात ती महिनेच्या महिने राहते. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया कोपीवर भल्या पहाटे भाकऱ्या बडवितात आणि फडात दुपारी त्याच खातात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या वाट्याला सुकडी आणि परदेशी लाल मिलो आला. त्या भाकरीची चव सांगताना आत्याबाईंचे तोंड अजून वाकडे होते. त्यांच्यापुढे 'दोन्ही वेळा ताजीच हवी' असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही. असा आग्रह धरणाऱ्या घरांत चुलीपुढे कोण बसते, याचा हिशेब पुरुषमंडळींनी एकदा करावा.

आत्याबाईंच्या घरी तो हिशेब अलीकडेच झाला. सून प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे; सकाळची शाळा असली की तिला चारला उठावे लागे. सासूबाई रात्रीची भाकरी कौतुकाने खातील, पण पाहुण्यापुढे वाढणार नाहीत, आणि घरात पाहुणा नाही असा दिवस विरळा. शेवटी सुनेने एका रविवारी पन्नास कडक भाकऱ्या करून पत्र्याचा डबा भरला. "ही शिळी म्हणायची की नाही?" असे तिने सासूबाईंनाच विचारले. त्यांनी एक भाकरी मोडून पाहिली. कट्कन आवाज झाला. "पापडाला कोणी शिळा म्हणतं का?" असे म्हणून त्यांनी ती माझ्या पानात वाढली, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार. दुसऱ्या दिवशी सून सहाला उठली.